व्हेनिसला जहाज लागलं की: साडेसहा तासांत शहर आणि बेटं

तिकिटावर ‘व्हेनिस’ छापलेलं असलं तरी तुमचं जहाज व्हेनिसला लागेलच असं नाही. क्रूझवर पहिल्यांदा निघालेल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून सुरुवात बंदरापासून करू.

आधी बंदराचं नाव वाचा

पूर्वी दहा-बारा मजली जहाजं थेट शहराच्या मुख्य, सान मार्को चौकासमोरून, ज्युदेक्का कालव्यातून जायची. जून २०१९ मध्ये असंच एक मोठं जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि तिथे उभ्या असलेल्या पर्यटक बोटीवर आदळलं. मोठ्या जहाजांविरुद्ध शहरात आधीपासूनच आंदोलन चालू होतं, त्याला आणखी जोर आला. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांच्या वरच्या जहाजांना त्या वाटेने बंदी झाली. त्यामुळे आज तुमचं जहाज पुढच्यांपैकी कुठेही लागू शकतं, आणि दिवसाचा सगळा बेत त्यावरच ठरतो.

मार्गेरा किंवा फुसिना असेल तर उत्तम. ही मुख्य भूमीवरची औद्योगिक बंदरं आहेत, दिसायला रुक्ष, पण इथून शहर जवळ आहे. कंपनीची बस किंवा बोट तुम्हाला शहराच्या कडेला आणून सोडते. कियोज्जा असेल तरी हरकत नाही. व्हेनिसभोवतीच्या उथळ पाण्याच्या दक्षिण टोकाला वसलेलं ते मासेमारीचं गाव आहे आणि त्याचे स्वतःचे कालवेही आहेत. तिथून बसने साधारण तासाभरात व्हेनिस येतं. (पंधराव्या शतकात विजयनगर पाहून त्याचं वर्णन करणारा निकोलो दे कोन्ती याच कियोज्जाचा.)

त्रिएस्ते असेल तर रेल्वेने जायला दोन तास आणि यायला दोन तास. अशा दिवशी एकच बेट धरा, आणि तेही जवळचं मुरानो.

राव्हेन्ना असेल तर माझं ऐका, व्हेनिस सोडून द्या. बसने एका वाटेला दोन-अडीच तास जातात. एवढं करून सान मार्कोच्या गर्दीत उभं राहायला तुम्हाला जेमतेम तीन तास मिळतील. खुद्द राव्हेन्नात पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेइक आहेत. सान व्हिताले चर्च आणि गाल्ला प्लाचिदियाची समाधी चालत बघून होतात, आणि ती बघितल्यावर कुणाला हळहळ वाटलेली मी ऐकलेली नाही.

व्हिसा, आणि आगाऊ करायची एक नोंद

एड्रियाटिक समुद्रातल्या बऱ्याच क्रूझ मॉन्टेनेग्रोच्या कोटोरला थांबतात. मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेतलात, तर कोटोरहून इटलीत परतताना अडकाल. अर्ज करतानाच एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा आणि सोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा.

दुसरी गोष्ट प्रवेशशुल्काची. दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ५ युरोंचं शुल्क सुरू केलं. पहिल्या वर्षी ते २९ दिवस लागू होतं, २०२५ मध्ये ५४ दिवस. आयत्या वेळी भरणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये ते १० युरो झालं. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चौदा वर्षांखालच्या मुलांना माफी. मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो या बेटांना ते लागू नाही, पण मुख्य शहरात पाऊल ठेवलंत की लागू. दिवस दरवर्षी बदलतात, म्हणून पालिकेच्या संकेतस्थळावर आपली तारीख बघा आणि मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये जपून ठेवा.

घड्याळ उलटं मोजा

जहाज सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार, म्हणजे आपल्याकडे दहा तास, असा हिशेब सगळेच करतात. तो चुकीचा आहे. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी वर असावं लागतं. ती वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते, खरी तीच. समजा ती साडेपाच आहे. मग मार्गेराला परतायची बस, रांग आणि सुरक्षा तपासणी धरून शहराच्या कडेवरून चारला निघायला हवं. सकाळीही उतरून शहरात पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. हातात राहिले साडेसहा तास.

कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. बंदरातल्या एजंटचा फोन नंबर त्याच पत्रकावर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

साडेसहा तासांत काय बसतं? एक बेट आणि शहर नीट बघून होतं. दोन बेटं घेतलीत तर शहर धावतपळत. तिन्ही बेटं घ्याल तर शहर फक्त बोटीतून. यातलं काय हवं ते जहाजावरच, आदल्या रात्री घरच्यांशी भांडून ठरवा. धक्क्यावर भांडायला वेळ नसतो.

क्रमाबद्दल मात्र मी हट्टी आहे. लांबचं आधी, जवळचं नंतर. बहुतेक लोक उतरल्या उतरल्या सान मार्कोकडे धावतात आणि दुपारी बेटांकडे निघतात. मग परतीची बोट भरलेली, पुढची अर्ध्या तासाने, आणि जीव टांगणीला. सकाळी बेट केलंत तर दिवसभर तुम्ही जहाजाच्या जवळ जवळ येत राहता. एखादी बोट चुकली तर सान मार्कोची दहा मिनिटं जातील, जहाज जाणार नाही.

बोटीचं तिकीट

इथे चारचाकी शहराच्या उंबरठ्यापर्यंतच येते. पियात्साले रोमा या चौकात रस्ता संपतो. बस त्रोन्केत्तोला सोडत असेल तर तिथून तीन मिनिटांची छोटी रेल्वे या चौकात आणते. त्यापुढे पाय किंवा बोट.

सार्वजनिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचची सवय असेल तर काहीच अवघड नाही. फरक इतकाच की इथे धक्काच पाण्यावर तरंगतो, आणि बोट लागली की खलाशी दोर गुंडाळून फाटक सरकवतो. ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, २४ तासांचा पास २५ युरो. बेटावर जाणार असाल तर एका दिवसात तीन-चार फेऱ्या सहज होतात, म्हणून डोळे मिटून पास घ्या. प्रत्येक वेळी चढण्याआधी तो यंत्राला लावायचा. खिशात पास असूनही न लावल्यामुळे दंड भरणारे लोक रोज सापडतात.

मार्गांचे क्रमांक एवढेच लक्षात ठेवा:

- १ : ग्रँड कॅनॉल या शहरातल्या मुख्य कालव्यातून प्रत्येक थांबा घेत जाणारी. संथ, पण बघायला सर्वोत्तम.
- २ : तीच दिशा, कमी थांबे.
- १२ : फोन्दामेन्ते नोवे या शहराच्या उत्तर कडेच्या धक्क्याहून मुरानो, मात्सोर्बो, बुरानो, तोर्चेल्लो.
- ४.१ आणि ४.२, तसंच ५.१ आणि ५.२ : शहराभोवती फिरणाऱ्या. ‘पॉइंट एक’ आणि ‘पॉइंट दोन’ एकमेकींच्या उलट दिशेने जातात, आणि इथेच नवखा माणूस गंडतो. आकडा बघून चढू नका, फलकावर पुढचे थांबे वाचून चढा.

पियात्साले रोमाहून फोन्दामेन्ते नोवेला बोटीने जाता येतं किंवा कान्नारेज्यो या वस्तीतून अर्धा-पाऊण तास चालत. पाय धड असतील तर चालाच. सकाळी त्या बाजूला भाजीच्या बोटी, शाळेत निघालेली मुलं आणि दोरीवर वाळणारे कपडे दिसतात. शहरात अजून माणसं राहतात याची खात्री पटते.

सोबत गुडघेदुखीचे आई-वडील असतील तर मात्र बोटच. शहरात चारशेच्या आसपास पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. ‘दहा मिनिटांवर आहे’ असं नकाशा सांगतो, वाटेतले सहा पूल सांगत नाही.

बुरानो

फोन्दामेन्ते नोवेहून बारा नंबरची बोट चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बुरानोला नेते. हा प्रवास म्हणजे नुसती वाहतूक नव्हे. व्हेनिसभोवतीचं उथळ पाणी म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं खाजण, सुमारे ५५० चौरस किलोमीटरचं. पाण्यात लाकडी खांबांच्या जोड्या-तिकड्या रोवलेल्या दिसतात. खोल पाण्याची वाट तीच. खांब सोडून बाजूला गेलेली बोट चिखलात बसते. पहिल्याच मिनिटांत विटांच्या भिंतीआड सरूची झाडं दिसतात, ते सान मिकेले, शहराचं दफनभूमीचं बेट. संगीतकार स्त्राविन्स्की तिथे पुरलेला आहे.

बुरानो कोळ्यांचं गाव. घरं पिवळी, निळी, किरमिजी, हिरवी. रंग बदलायचा तर पालिकेची परवानगी लागते. गावाची दुसरी ओळख सुईने विणलेली लेस. तिची शाळा १८७२ मध्ये निघाली आणि जवळजवळ शंभर वर्षं चालली. त्याच इमारतीत आज लेसचं संग्रहालय आहे. जुन्या नमुन्यांपुढे पाच मिनिटं उभं राहिलं की बाहेरच्या दुकानांत पंधरा युरोंना मिळणारा टेबलक्लॉथ हाताने विणलेला असणं शक्य नाही, हे न सांगता कळतं. हातची लेस एका बाईच्या कित्येक आठवड्यांची मेहनत असते, किंमतही तशीच.

मुख्य चौकात फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. दोन गल्ल्या मागे जा, कुणी नसतं. दारांवर पडदे सोडलेले असतात, आत लोक जेवत असतात. त्यांच्या उंबरठ्यावर बसून फोटो काढू नका. आपल्या ओसरीवर कुणी येऊन पोज दिली तर कसं वाटेल, तेवढंच. परतताना बेकरीतून बुस्सोला घ्या. हे लोणी-अंड्याचं पिवळं, गोल किंवा इंग्रजी एस आकाराचं कोरडं बिस्किट चार दिवस टिकतं. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र लांब राहावं.

अगदी एकांत हवा असेल तर बुरानोहून पाच मिनिटांवर तोर्चेल्लो. व्हेनिसच्या आधी खरी वस्ती होती ती इथे. तिथलं कॅथेड्रल ६३९ मध्ये स्थापन झालं. पुढे पाणी गाळाने भरलं, मलेरिया आला आणि लोक उठून गेले. आता मूठभर माणसं उरली आहेत. कॅथेड्रलच्या पश्चिम भिंतीवर कयामतच्या दिवसाचं मोझेइक आहे. धक्क्यापासून चालत जाताना बिनकठड्याचा एक पूल लागतो. इतिहास आवडत असेल तर मुरानोऐवजी इथे या, असं माझं मत. मुलं सोबत असतील तर मुरानो.

मुरानो, पण डोळे उघडे ठेवून

१२९१ मध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी काचेच्या भट्ट्या शहरातून काढून मुरानोला हलवल्या. कारण उघड होतं. शहरात लाकूडकाम फार, एक भट्टी भडकली की सगळा मोहल्ला जायचा. एका बेटावर कारागीर एकवटल्यामुळे त्यांच्या कलेवर पहारा ठेवणंही सोपं झालं. गुपित घेऊन ते परक्या राज्यात जाऊ नयेत, अशी बंधनं त्यांच्यावर होती.

भट्टीसमोर उभं राहून वितळलेल्या गोळ्यातून दोन मिनिटांत घोडा झालेला बघणं मोठ्यांनाही खिळवतं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी लवकर जा. शनिवार-रविवारी बऱ्याच भट्ट्या थंड असतात.

सान मार्कोजवळ ‘मुरानोला फुकट बोट’ म्हणून कुणी बोलावलं तर नको म्हणा. मी एकदा गेलो आहे. बोट फुकट होती, पण ती लागली एका दुकानाच्या दारात. आतल्या माणसाने दाराकडे पाठ करून पाऊण तास झुंबरं दाखवली. पाव किलोची फुलदाणी मुंबईला कशी पाठवतात हे त्याने इतक्यांदा सांगितलं की बायकोने शेवटी एक कानातलं घेऊन आमची सुटका केली.

खरेदी करायचीच तर ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह बघा. व्हेनेतो प्रांताचं ते अधिकृत चिन्ह आहे. ते नसलेला माल खोटाच असतो असं नाही, पण तीन युरोंचं लोलक बेटावर बनलेलं नसतं, एवढं नक्की. संग्रहालयातली पंधराव्या शतकातली पारदर्शक काच आणि सान्ती मारिया ए दोनातो चर्चमधली बाराव्या शतकातली मोझेइकची फरशी, दोन्ही बघायला पाऊण तास पुरतो.

जेवण

व्हेनिसचं उभ्याने खायचं खाणं म्हणजे चिक्केत्ती. पावाच्या तुकड्यावर काहीबाही ठेवलेले छोटे घास, बाकारो नावाच्या दारूच्या गुत्त्यांत मिळतात. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. ‘सार्दे इन साओर’ म्हणजे तळलेले सार्डिन कांदा, व्हिनेगर आणि बेदाण्यांत मुरवलेले. तारल्या-पेडव्यांवर वाढलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. ‘बाकाला’ म्हणजे उत्तरेकडून आणलेला वाळवलेला मासा, भिजवून, फेटून लोण्यासारखा केलेला. आपल्या सुक्या बोंबलाचा दूरचा, जरा सभ्य भाऊ.

शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. ‘बिगोली इन साल्सा’ या साध्या दिसणाऱ्या शेवयांत अँचोव्ही मासा असतो आणि तळलेल्या मोझरेलाच्या सँडविचमध्येही बहुधा असतो. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, हे दोन्ही म्हणा. नुसतं पहिलं म्हटलंत तर मासा येईल. साधा मार्गेरिता पिझ्झा, मक्याच्या पिठाची पोलेंता आणि भाज्या घातलेलं त्रिकोणी सँडविच, यांवर दिवस निघतो.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेत वाद्यवृंदाचे पैसे वेगळे लावतात. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. शौचालयासाठी मात्र दीड-दोन युरोंची चिल्लर ठेवा.

शहरात चालताना

फोन्दामेन्ते नोवेहून रिआल्तो पूल पंधरा-वीस मिनिटं. फोनचा नकाशा अरुंद गल्ल्यांत भंजाळतो, त्यापेक्षा घरांच्या कोपऱ्यांवरच्या पिवळ्या पाट्या बघा. त्यांवर ‘रिआल्तो’, ‘सान मार्को’, ‘फेरोव्हिया’ म्हणजे रेल्वे स्टेशन, असं बाणासकट लिहिलेलं असतं. गल्लीला काल्ले, छोट्या कालव्याला रिओ आणि चौकाला काम्पो म्हणतात. उजव्या बाजूने चाला, पुलावर थांबू नका, बोटीत पाठीवरची सॅक हातात घ्या.

गोंडोलाचा दर ठरलेला आहे. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, आणि तो दर माणशी नसून नावेमागे आहे. एका नावेत पाच जण बसतात. नुसती हौस भागवायची तर ग्रँड कॅनॉल ओलांडणारी ‘त्रागेत्तो’ गाठा. आपल्याकडच्या नदीवरच्या तरीसारखी ही साधी गोंडोला दोन युरोंत पलीकडे सोडते. मासळीबाजाराजवळची मिळाली तर उत्तम.

सान मार्कोला बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या आत जायचं तर वेळेचं तिकीट आधीच काढा, खांदे आणि गुडघे झाका, मोठी बॅग आणू नका. बाजूचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला होता. हा नंतरचा, १९१२ चा. वर लिफ्ट जाते, पण रांग लांब असेल तर समोरच्या सान जोर्जो मज्जोरे बेटावरचा मनोरा गाठा. दोन नंबरची बोट चार मिनिटांत नेते आणि तिथून शहर समोरून दिसतं. कबुतरांना दाणे टाकायला आणि पायऱ्यांवर बसून डबा उघडायला बंदी आहे.

मराठी माणसाने एक गोष्ट मात्र बघावीच. चौकातून पाण्याकडे गेलं की उजव्या हाताला राखाडी, जाड दगडांची इमारत लागते. ती झेक्का, व्हेनिसची टांकसाळ. आता तिथे ग्रंथालय आहे. १२८४ पासून व्हेनिसने पाडलेलं दुकात हे सोन्याचं नाणं व्यापारातून थेट आपल्या किनाऱ्याला आलं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राजप्रमुख असे. माणसांच्या आकृत्या बघून आपल्याकडे त्याला नाव पडलं ‘पुतळी’. आजीच्या डब्यातली पुतळ्यांची माळ मूळची याच नाण्यांची, पुढे सोनार तशाच पुतळ्या घडवू लागले. आणि ‘झेक्का’ हा शब्द अरबी सिक्का या शब्दातून आलेला आहे, आपला ‘शिक्का’ही त्याच घरचा.

परत निघताना

सव्वातीनला सान मार्कोहून दोन नंबरची बोट पकडा. अर्ध्या तासात पियात्साले रोमा येतं. धक्क्यावर रांग दिसली तर वाट बघत बसू नका. पिवळ्या पाट्यांवर पियात्साले रोमाचं नाव धरून चालत निघा, पाऊण तासात पोचाल. इटलीत बोटवाल्यांचे संप आधी जाहीर होतात, म्हणून आदल्या दिवशी ‘शोपेरो’ या शब्दासह बातम्या चाळा. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात भरतीचं पाणी चढतं. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तिन्ही मुखांवर ७८ लोखंडी दारं मोठ्या भरतीला उचलली जातात, तरी सान मार्कोच्या सखल भागात फळ्यांवरून चालावं लागलं तर घाबरू नका.

वेळेआधी पोचलात तर पियात्साले रोमाला लागून पापादोपोली नावाची बाग आहे. तिथे बाकावर बसा, नळावर बाटली भरा आणि बुस्सोला संपवा. जहाजावर बाहेरचं खाणं नेऊ देतील की नाही याचा नेम नसतो.